झाडीत बोला, पाण्याजवळ गप्प बसा

पोरांनो, दहा-बारा जण मिळून नवेगावबांधला पायी फिरायला निघालात, फार चांगलं केलंत. गोंदिया जिल्ह्यातल्या या तळ्याला रान बिलगून आहे, त्यामुळे एकाच सकाळी झाडीही बघून होते आणि पाणथळही. मात्र दोन्हीकडे वागायची रीत वेगळी. त्याआधी एक ध्यानात ठेवा: व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात पायी शिरायचं नाही. बाहेरच्या वाटाही वनखात्याला विचारून आणि गावातला वाटाड्या सोबत घेऊनच धरायच्या.

चालायचा क्रम आधीच ठरवा. वाटाड्या पुढे, आणि त्याच्या पाठोपाठ सगळ्यांत हळू चालणारा माणूस. त्याला मागे ठेवलंत तर काय होतं, ते बघा. पुढचे झाडाखाली बसून विसावा घेतात, हा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला म्हणून सगळे उठतात. ज्याला विसाव्याची गरज, त्यालाच तो मिळत नाही. त्याच्या पावलाने चाला. शेवटी एक जाणता माणूस असू द्या, म्हणजे फोटो काढत मागे राहिलेलं कुणी चुकणार नाही.

रानात चिडीचूप चालावं, असं सगळे सांगतात. या रानात अस्वल आहे, म्हणून मी वेगळं सांगतो. अस्वलाची नजर आणि कान बेताचे. वास तेवढा तीव्र. वारा उलटा असला तर तुम्ही अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि दचकलेलं अस्वल पळण्याआधी अंगावर येतं. म्हणून बांबूच्या गचपणातून जाताना साध्या आवाजात बोलत राहा, काठी आपटत चला. ताजं उकरलेलं वारूळ दिसलं, तर वाटाड्याला दाखवा. वाळवी खायला बहुतेक अस्वलच आलेलं असतं. मार्च-एप्रिलात मोह गळतो, तेव्हा पहाटे मोहाखाली जाऊच नका. गवतातून जायचं तर पँट मोज्यात खोचा, म्हणजे गोचीड आत शिरत नाही.

आता पाण्याकडे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी टेकड्यांच्या मधे पाळ घालून हे तळं बांधलं. त्या पाळीवर एकदम चढून उभं राहायचं नाही. उघड्या आभाळावर माणसांची रांग दिसली की बदकं लगेच उठतात, आणि मग तासभर रिकाम्या पाण्याकडे बघत बसावं लागतं. अलीकडेच थांबा, बोलणं बंद करा, वाकून पुढे जा आणि झुडपाआड बसा. सकाळी पूर्वेच्या काठावर बसावं, म्हणजे ऊन पाठीवर राहतं आणि पक्ष्याचा खरा रंग दिसतो. पांढरा, भडक कपडा नको.

आणि बसा, निदान अर्धा तास तरी. सुरुवातीला नुसते काळे ठिपके दिसतात. हळूहळू त्यातला वारकरी ओळखू येतो, कमळाच्या पानांवर लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसतो, हळदी-कुंकू बदक वेगळं कळतं. नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंबही दिसतील. यादी वाढवायच्या नादात पुढे पळणाऱ्यांना हे मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे. काठावरच्या हिरव्यागार गवतावर मात्र काठीने दाबून बघितल्याशिवाय पाय ठेवू नका. खाली गुडघाभर चिखल असतो. ढिवरांच्या जाळ्यांना हात लावू नका. त्यांची रोजी आहे ती.

परतताना धानाच्या बांध्यांकडे नजर असू द्या. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात. माणसाच्या उंचीचा हा पक्षी जोडीने राहतो, पावसाळ्यात बांधीत किंवा तळ्याच्या उथळ पाण्यात घरटं करतो आणि बहुतेक दोनच अंडी घालतो. हिवाळ्यात जोडीसोबत मोठं झालेलं पिल्लू दिसलं, तर बांधावरून खाली उतरू नका, दुर्बिणीतूनच बघा. आणि कधी पावसाळ्यात आलात व घरटं सापडलं, तर त्याचा फोटो, ठिकाण कुणाला पाठवू नका. ज्याची बांधी आहे त्या शेतकऱ्याला आणि वनरक्षकाला तेवढं सांगा.