जुनी घरघंटी घेताना

गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू निघाले की मागोमाग आपली ज्वारी पडते, आणि आत राहिलेलं गव्हाचं पीठ आपल्या डब्यात येतं. घरात सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालणारा आजार, आला की गिरणी बंद होते ती म्हणूनच. आमच्याकडे तो लेकीला. नवी घरघंटी परवडेना, म्हणून नेरुळच्या एका काकूंची जुनी घेतली. घेण्याआधी ‘ज्वारीच दळता ना, गहू नाही?’ असं फोनवर विचारलं, मेसेजवर विचारलं, त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून विचारलं. ‘छे गं, ह्यांना शुगर. आमच्याकडे ज्वारीच.’ तो मेसेज अजून आहे माझ्याकडे.

वाशीच्या दाणाबाजारातून ज्वारी आणायची, चुकार गहू वेचायचे, धुऊन वाळवायची, मग दळायची. तरी लेकीचं पोट फुगायला लागलं, आणि पुढच्या रक्ततपासणीत टीटीजी, म्हणजे या आजाराची खूण, वाढलेलं. डॉक्टर तर माझ्याकडे असे बघत होते, जशी काही मीच तिला पाव चारते!

जाळी मी दर वेळी काढून धूत होते. त्या दुपारी स्क्रू काढून आतली पट्टीही उघडली. मागच्या खाचेत पिठाचा घट्ट थर. खरवडला, पाण्यात भिजवून मळला, नळाखाली चोळत राहिले. ज्वारी असती तर वाहून गेली असती. माझ्या बोटांत उरला राखाडी गोळा, रबरासारखा ताणला जाणारा. ज्वारीला असा ताण येत नाही, म्हणून तर भाकरीचं पीठ आपण गरम पाण्यात मळतो.

काकूंना फोन केला. ‘अगं, पाहुणे आले की पोळ्या नकोत का? आणि एवढ्याशानं काय होतंय? तव्यावर भाजतोच ना आपण!’ ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे भाजून मरायला, हे सांगेपर्यंत त्यांनी फोन ठेवला. मग ब्लॉक. आणि सोसायटीत म्हणे मीच भांडकुदळ.

तर जुनी वस्तू घेताना ‘ज्वारी दळता का’ असं विचारू नका. हो म्हणायला सोपं जातं. ‘गहू शेवटचे कधी दळले’ असं विचारा. थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ यांची नावं घेऊन विचारा; त्यातला गहू लोक गहू म्हणून मोजतच नाहीत. घरघंटी तर जुनी घेऊच नका. कापडी पिशवी बदलता येईल, आतल्या खाचा नाही.

स्टीलची आणि काचेची भांडी खुशाल घ्या. नव्या घासणीने साबण लावून घासली की झालं. कुकरची रिंग मात्र नवी. चाळणी, पोळपाट-लाटणं, चरे पडलेला नॉनस्टिक तवा फुकट मिळाला तरी नको. मिक्सरच्या भांड्याचं पातं खोलता येत नसेल तर तेही नको. डब्यावरचं लेबल वाचत जा. आपल्याकडे ग्लुटेनमुक्त म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत. एका किलोत चिमूटभरसुद्धा नाही! हिंगाच्या डबीवरही बघा, त्यात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. बाकी, सावध राहा, दुसरं काय सांगणार.

घरघंटी मी ‘गहू दळलेली’ असं स्पष्ट लिहून विकली. अर्ध्या किमतीत गेली. उरलेले पैसे काकूंकडेच आहेत.