मापाची वही

दिवाळीच्या सुट्टीत नव्या पॅन्टची उंची कमी करून घ्यायला गावातल्या शिंप्याकडे गेलो होतो. गाव म्हणजे नीरा-भीमेच्या संगमावरचे आमचे नरसिंहपूर, तालुका इंदापूर. बोलता बोलता काकांनी त्यांच्या वडिलांच्या काळातली मापाची वही काढली. त्यात माझ्या आजोबांचे १९७१ सालचे माप सापडले : छाती ३६, कंबर २८.

"ये, तुझंही घेऊ," म्हणत काकांनी टेप लावली. छाती ३६, कंबर ३५!

मी म्हटलं, "काका, पॅन्टवर तर ३२ लिहिलंय."

काका हसले. "लिहायला काय जातंय? गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे."

मित्रांनो, वर्कशॉपमध्ये अर्धा मिलिमीटर चुकला तर जॉब रिजेक्ट होतो. इथे चक्क तीन इंच! कपडा मोठा करत जायचा आणि आकडा तोच ठेवायचा, या युक्तीला 'व्हॅनिटी सायझिंग' म्हणतात.

मुळात हे आकडे आले कुठून? अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेऊन तक्ते बनवायचा प्रयत्न झाला. आपल्याकडे मात्र रेडिमेड कपडे बराच काळ परदेशी तक्त्यांवरच बेतले गेले. भारतीय मापांसाठी सहा शहरांतल्या २५ हजार लोकांना थ्री-डी स्कॅनरने मोजण्याचा 'निफ्ट'चा प्रकल्प २०१९ मध्ये जाहीर झाला. त्या सहांत मुंबई आहे, पण खेडे एकही नाही.

आता शरीराकडे वळू. गेल्या शंभर वर्षांत भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे ३ सेंटिमीटर आणि स्त्रियांची सुमारे ५ सेंटिमीटर वाढली. पण कंबर? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे हडकुळी, पण चरबी त्या मानाने कमी नाही! २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी एका इंग्रज डॉक्टरशी स्वतःची तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

माझा बीएमआय २२.२. म्हणजे तक्त्यात मी 'नॉर्मल'!

आजोबांची २८ ची कंबर काही नुसती तब्येतीची खूण नव्हती. शेतातले कष्ट होते, तशी ओढगस्तही होती. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या शरीराला एकदम वडापाव, कोल्ड्रिंक आणि लॅपटॉपसमोरची बैठक मिळाली, तर चरबी पोटावरच साठते. मधुमेहाची वाट तिथूनच जाते.

म्हणून एक प्रॅक्टिकल सांगतो. पॅन्टचे लेबल बघू नका. उभे राहा, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडा आणि मोजा. पोट आत ओढायचे नाही! भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर. माझे माप ८९ भरले. त्या दिवसापासून मेसमधून येताना मैदानाला चार फेऱ्या मारतो.

निघताना काकांनी वहीत आजोबांच्या नावाखाली माझे माप लिहिले आणि पॅन्टच्या शिवणीत माया ठेवू का, असे विचारले. मी म्हटलं, "नको काका. यावेळी माया नको."