थंड हवेची ऑर्किड राजूरला जगेल का?

शाळेच्या परसबागेसाठी परदेशी ऑर्किड मागवू का, असं पालक विचारतात. ऑर्किड म्हणजे आमरी. झाडावर वाढते म्हणून मुलं तिला बांडगूळच समजतात! पण ती झाडाचा रस शोषत नाही, नुसता आधार घेते. मुळांवरचं स्पंजासारखं पांढरं आवरण पाणी टिपतं; मातीत लावली की मुळं कुजतात.

अँडीज पर्वतातली मास्देवालिया धुक्यात वाढते. तिला रात्री 10 ते 15 अंशांचा गारवा हवा. पाणी साठवायला फुगीर खोड नाही, त्यात लांबून आलेलं रोप उघड्या मुळांचं. नवी मुळं फुटेपर्यंत ते तग धरणार कसं? आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार. पैसे वाया घालवू नका. डेंड्रोबियम घ्या. कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, सावली. उन्हाळ्यात सकाळी पाण्याचा फवारा मात्र चुकवायचा नाही.