परक्या घरची सून
(वाचावयाचा भाग : रूथ, अध्याय 1 ते 4)

आजच्या धड्यांत दोन विधवा आहेत, परंतु आम्ही बहुधा नामीचेंच दुःख ऐकतों. रूथ हिचाही नवरा मेला होता. त्याविषयीं तिच्या तोंडचा एक शब्दही शास्त्रांत नाहीं. म्हणून आज आपण तिच्याकडे विशेष लक्ष देऊं.

1. मोडलेलें घर. दुष्काळामुळें अलीमलेख आपली बायको नामी व दोन पुत्र यांस घेऊन बेथलेहेमाहून मवाब देशीं गेला व तेथेंच मरण पावला. महलोन व खिल्योन यांनीं मवाबी बायका केल्या. तेथें सुमारें 10 वर्षें राहिल्यावर तेही निपुत्रिक वारले. घरांत तीन विधवा उरल्या. अशा वेळीं "सुनेच्या पायगुणानें माझीं मुलें गेलीं" असें म्हणणें सासूस किती सोपें! असे शब्द ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांतही निघतात, हें आम्हांस लाजेनें कबूल केलें पाहिजे. नामीनें तसें म्हटलें नाहीं. सुनांनीं मेलेल्यांवर व आपणावर दया केली, अशी साक्ष देऊन तिनें त्यांस माहेरीं जाण्याची मोकळीक दिली. अर्पा रडत परत गेली. शास्त्र तिला दोष देत नाहीं, आपणही देऊं नये.

2. रूथेची निवड. रूथेनें माहेर, देश व पुन्हा संसार मांडण्याची आशा सोडली आणि ज्या लोकांस मवाबी परके वाटत, त्यांच्यांत ती आली. बेथलेहेमांत शिरतांच नामी बायांस म्हणाली कीं, मी भरलेली गेलें व रिकामी आलें. मला मारा, म्हणजे कडू, म्हणा. "रिकामी" हा शब्द निघाला तेव्हां रूथ तिच्याबरोबरच आलेली होती! ती रागावली असें कोठें लिहिलेलें नाहीं. सातूचा हंगाम नुकताच लागला होता. ती सरवा वेचावयास गेली.

3. कडूपणावर औषध. शेताचे कोपरे कापूं नयेत व सरवा गरीब आणि परदेशी यांसाठीं ठेवावा, असें नियमशास्त्र सांगतें (लेवीय 19:9-10). बवाजानें नियमापुरतेंच दिलें नाहीं. पेंढ्यांतून कणसें मुद्दाम टाकण्यास त्यानें गड्यांस सांगितलें. सायंकाळीं रूथेनें झोडून एफाभर, म्हणजे सुमारें 22 लिटर, सातू घरीं आणिले. शिवाय दुपारच्या जेवणांतून उरलेलेंही सासूपुढें ठेविलें. तेव्हां जिवंतांवर व मेलेल्यांवर परमेश्वराची दया अजून आहे, असें त्याच नामीच्या मुखांतून निघालें. वादानें जें झालें नसतें, तें धान्यानें व सोबतीनें झालें.

4. शेवट. जवळचा नातलग मागें सरला, तेव्हां बवाजानें वेशींत 10 वडिलांसमक्ष रूथेचा स्वीकार केला. त्यांस ओबेद झाला; तो दावीद राजाचा आजा. ही सून सात पुत्रांहून अधिक, असें शेजारणींनीं नामीस सांगितलें. रिकामी म्हणून आलेलीची ओटी भरली.

शिक्षकांस सूचना : या आठवड्यांत एखाद्या विधवेच्या घरीं जावें. उपदेशास आरंभ करण्यापूर्वीं डब्यांत पीठ आहे कीं नाहीं, हें पाहावें. आणि तिची सून घरीं असल्यास तिचीही विचारपूस करावी.

प्रश्न : (1) नामीनें सुनांस दोष कां दिला नसावा? (2) आपल्या शेताचा कोपरा आपण कोणासाठीं ठेवितों? (3) आपल्या घरांत कोणाचें दुःख अद्याप कोणी विचारलेलें नाहीं?