बोटीचं लाकूड : निवड आणि फिनिश

मटेरियल सायन्स म्हटलं की आपल्याला स्टीलच आठवतं. पण बोटीच्या उघड्या भागावर लाकूड कसं टिकतं, हाही मस्त विषय आहे. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे इंग्रजी शब्द जरा जास्त येतील, चालवून घ्या!)

लाकडाचे शत्रू तीन. उन्हातले यूव्ही किरण लिग्निन तोडतात. पाण्याने लाकूड फुगतं आणि सुकलं की आकसतं. ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिला तर बुरशी ते कुजवते.

यावर जुनं उत्तर म्हणजे सागवान. त्यात नैसर्गिक तेल असतं आणि ते कमी हलतं. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय!

पण सागवानाची कुठलीही फळी चालत नाही. गाभ्याचीच घ्यावी, सालीजवळचं पांढरट लाकूड लवकर कुजतं. मग फळीचं टोक बघा. वलयांच्या रेषा रुंद बाजूला काटकोनात उभ्या हव्यात. वलयांच्या दिशेने लाकूड त्रिज्येच्या साधारण दुप्पट आकसतं, म्हणून अशी फळी रुंदीत कमी हलते, वाकत नाही.

आता फिनिश. डेकला व्हार्निश अजिबात नको. ते ओलं झालं की पाय सटकतो, आणि हलत्या बोटीवर पाय सटकणं म्हणजे थेट समुद्रात! सागवानी डेक कोरंच ठेवावं. ते राखाडी पडतं, पण तो वरचा पातळ थर असतो, कुजणं नव्हे. खाऱ्या पाण्याने, मऊ ब्रशने, रेषांना आडवं धुवावं. रेषांच्या दिशेने घासलं तर मऊ भाग निघून खाचा पडतात.

हँडरेलला मात्र व्हार्निश चालतं. आधी ॲसिटोनने वरचं तेल पुसायचं, नाहीतर व्हार्निश धरत नाही. पहिला हात थिनर घालून पातळ, मग पाच-सहा हात, प्रत्येक वेळी मधे हलका पॉलिश पेपर. टोकं विसरू नका, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. व्हार्निश यूव्ही-फिल्टरवालं मरीनच घ्या. घरातल्या फर्निचरचं कडक असतं. लाकूड हललं की ते तडकतं, चिरेतून पाणी आत जातं आणि तिथेच अडकतं. वरून चकाचक, आतून कुजकं!

म्हणजे आधी लाकूड, मग काप, शेवटी फिनिश. हा क्रम उलटा केला तर कितीही महाग डबा आणा, उपयोग शून्य.