एन्टर मारून पेपर होत नाही

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर हमखास दिसणारं दृश्य : पेपर लिहून झालाय, कोणीतरी तिसऱ्या पानावर एक ग्राफ घालतो आणि पुढची सगळी पानं कोसळतात. हेडिंग एका पानाच्या तळाशी, मजकूर पुढच्या पानावर, 'आकृती ४' दोनदा. मग पहाटेपर्यंत एन्टर मारत बसायचं. शिव्या वर्डला पडतात, पण त्या बिचाऱ्याला हेडिंग कुठलं आणि मजकूर कुठला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

खात्री करायची असेल तर कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा. जिथे जिथे एन्टर आणि स्पेस मारलीय तिथे खुणा उमटतील. ओळीने सात-आठ एन्टर दिसले की समजा, पुढचं पान त्यांच्याच आधारावर उभं आहे. वर एक ओळ वाढली की ते सरकणार. नवं पान हवं असेल तर कंट्रोल-एन्टर मारा.

खरं औषध म्हणजे स्टाइल्स. हेडिंग बोल्ड आणि १४ पॉइंट करणं ही नुसती रंगरंगोटी झाली. त्याला 'हेडिंग १' द्या, त्याखालच्याला 'हेडिंग २'. दिसणं आवडलं नाही तर त्या स्टाइलवर राइट क्लिक करून 'मॉडिफाय'मध्ये एकदाच बदला, सगळी हेडिंग्ज एकदम बदलतात. शिवाय पुढच्या परिच्छेदाला चिकटून राहायची सूचना या स्टाइलमध्ये मुळातच असते, त्यामुळे हेडिंग पानाच्या तळाशी एकटं लटकत नाही. रिपोर्टची अनुक्रमणिकासुद्धा यावरूनच बनते.

आकृत्यांचे नंबर हाताने टाइप करू नका. 'रेफरन्सेस'मधून 'इन्सर्ट कॅप्शन' घ्या आणि मजकुरात उल्लेख करताना 'क्रॉस-रेफरन्स'. मध्येच नवी आकृती आली तर कंट्रोल-ए, मग एफ९, की आकडे जागेवर. (आकृतीचं नाव खाली, तक्त्याचं वर. व्हायव्हात यावरूनही ऐकून घ्यावं लागतं.)

आयईईईच्या परिषदेचा पेपर दोन कॉलमचा असतो, पण शीर्षक पूर्ण रुंदीचं. इथे बरेच जण टेक्स्ट बॉक्स काढतात, अजिबात नको. लेखकांच्या नावांखाली 'कंटिन्युअस' सेक्शन ब्रेक टाका आणि खालच्या भागालाच दोन कॉलम द्या. त्यांचं तयार टेम्प्लेट मिळतं, ते घेतलंत तर उत्तमच. त्यात मजकूर पेस्ट करताना मात्र 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा, नाहीतर जुना कचरा सोबत येतो. मजकूर १० पॉइंट टाइम्स न्यू रोमनमध्ये असतो. जागा पुरत नाही म्हणून तो ९ करू नका, वाक्यं कापा.

समीकरणांचे स्क्रीनशॉट चिकटवू नका. ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबलं की समीकरणाची चौकट येते. लेटेकवाले सीनिअर हे वाचून हसतील, हसू द्या. गाईडने दुरुस्त्या 'ट्रॅक चेंजेस'मध्ये पाठवल्या की वर्डच कामाला येतं.

झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेऊ नका. त्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला तर पानं परत हलतात. घरूनच पीडीएफ करून न्या, आणि त्याआधी फाइलमध्ये 'एरर' हा शब्द शोधा. आकृती उडवली पण तिचा उल्लेख राहिला, तर एफ९ मारल्यावर तिथे ठळक अक्षरांत 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' उमटतं, आणि परीक्षकाचं बोट नेमकं तिथेच पडतं.