माणसं तीच, याद्या दोन

हैदराबादच्या एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी सीमेवरच्या गावांवर लेख आला होता. मजकूर तपासायचं काम माझ्याकडे. परमडोळीच्या मतदारांचा आकडा वाचून थबकलो. डोंगरमाथ्यावरच्या त्या वस्तीत एवढी माणसं आली कुठून? लेखकाने खटपट करून महाराष्ट्राची यादी मिळवली होती, तेलंगणाचीही मिळवली होती, आणि इमानेइतबारे दोन्हींची बेरीज केली होती. माणसं मात्र दोन्हीकडे बरीचशी तीच!

परमडोळी, अंतापूर, मुकदमगुडा, महाराजगुडा ही गावं चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात आहेत, असं महाराष्ट्र म्हणतो. तेलंगणाच्या कागदांत तीच गावं आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडलात. कित्येक घरांत रेशन कार्डं दोन, मतदार ओळखपत्रं दोन. त्यामुळे फोन करून नुसतं ‘सरपंच कोण?’ असं विचारू नका. ‘कुठले, महाराष्ट्राचे की तेलंगणाचे?’ हा उलट प्रश्न ठरलेला. तो न विचारता कुणी एकच नाव सांगितलं, तर अर्धीच माहिती हाती आली असं समजा.

मतदानाबद्दल लिहिताना तर तारीख पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नका. २०१९च्या लोकसभेला चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही मतदारसंघांत ११ एप्रिललाच मतदान होतं. २०२४ला चंद्रपूरचं १९ एप्रिलला, तर आदिलाबादचं १३ मे रोजी झालं. ‘इथले लोक दोनदा मत देतात’ हे वाक्य चटकदार आहे खरं, पण ते कुठल्या निवडणुकीबद्दल, हे सांगायला नको? आणि एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवायला कायद्याची परवानगी नाही. तेव्हा कुणा गावकऱ्याचं नाव छापून त्याला अडचणीत आणण्याआधी दहादा विचार करा.

दोन्ही राज्यं आपली म्हणतात ती गावं १२ की १४, यावरही घोळ आहे. वर्तमानपत्रांत दोन्ही आकडे सापडतात. आपला आकडा कोणत्या यादीतला, ती कोणत्या सालची, आणि तिच्यात गुडे, म्हणजे छोट्या वस्त्या, वेगळे मोजलेत का, एवढं लिहा. ते कळत नसेल तर आकडा गाळून गावांची नावं द्या. वाचक रागवत नाही.

जुने कागद चाळणाऱ्यांनी जिल्ह्याच्या नावाने गोंधळू नये. राजुरा तालुका निजामाच्या काळात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आजचा जिवती तालुका याच राजुऱ्यातून निघालेला. म्हणून १९५०च्या कागदावर ‘आदिलाबाद’ दिसलं की कुणाचा तरी दावा सिद्ध झाला, असं होत नाही. असल्या उड्या दोन्ही बाजूंनी मारल्या जातात.

तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात बसणार असाल तर आणखी एक अडचण येते, सालाची. निजामी दप्तरात फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण जुळतो. १३५१ फसली म्हणजे १९४१-४२. तोच आकडा हिजरी समजलात तर १९३२-३३ निघतं आणि वस्ती नऊ वर्षांनी म्हातारी होते. सोबत उर्दू दप्तराची सवय असलेलं माणूस न्या. नुसतं उर्दू वाचता येणं पुरत नाही, कारण मोडून लिहिलेलं अक्षर भल्याभल्यांना दमवतं.

एक विनंती आहे. हैदराबादेत राजुरा, आसिफाबादकडची बरीच घरं आहेत. तुमच्या पेटीत आजोबांची शेतसाऱ्याची पावती, खासरा पत्रक किंवा उर्दू सनद असेल, तर रद्दीत घालू नका. मागच्या बाजूचे शिक्केही दिसतील असे फोटो काढा, आणि कागद कुणालाही द्यायचा झाला तरी मूळ प्रत घरीच ठेवा.